नवे ब्रेक कां ओरडतात?

गाडीला वेग देणाऱ्या एंजिनाचें कौतुक सर्वत्र होतें. तिला थांबविणाऱ्या ब्रेकची आठवण मात्र तो बिघडल्याखेरीज कोणास होत नाहीं. परंतु घाट उतरणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला विचारलें, तर दोहोंपैकीं आपले प्राण कशावर अवलंबून आहेत हें तो क्षणाचाहि विलंब न लावतां सांगेल. म्हणूनच झिजलेले ब्रेक काढून त्यांच्या जागीं अधिक रुंद व दणकट ब्रेक बसविणें हा शहाणपणाचा खर्च होय. पण पुष्कळदां असें होतें कीं, पैसे मोजून मालक गाडी बाहेर काढतो आणि पहिल्याच वळणावर ती अशी किंचाळते कीं, रस्त्यावरचीं माणसें कानांवर हात ठेवतात. जुने ब्रेक निदान मुके होते, नवे ओरडतात! मग मालक मिस्त्रीला बोल लावतो, मिस्त्री दुकानदाराला लावतो, आणि त्या आवाजाचा अर्थ काय हें पाहण्याचें राहूनच जातें.

हें दुखणें ब्रेकइतकेंच जुनें आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं तबकडीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. त्यांत तांब्याचे तुकडे धातूच्या तबकडीवर दाबले जात, व त्या घर्षणाचा आवाज असह्य होई. पुढें १९०७ सालीं हर्बर्ट फ्रूड यांनीं त्या तुकड्यांना अॅस्बेस्टॉसचें अस्तर लावलें, तेव्हां तो आवाज बराच शमला. अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक आहे हें मात्र जगाला फार उशिरां उमगलें. जुन्या गाडीच्या ब्रेकमध्यें असें अस्तर असण्याचा संभव असतो. म्हणून ड्रम उघडल्यावर आंतली धूळ हवेच्या नळीनें उडविण्याची जी रीत कित्येक गॅरेजांतून दिसते, ती सर्वथा टाकून द्यावी. ती धूळ ओल्या फडक्यानें पुसून काढावी.

ब्रेक ओरडतो म्हणजे नेमकें काय होतें? फळ्यावर खडू उभा धरून ओढला, तर तो किर्र करतो. तोच तिरपा धरला, तर मुकाट्यानें लिहितो. उभा खडू क्षणभर चिकटतो, लगेच सुटतो, पुन्हा चिकटतो. हें चिकटणें-सुटणें सेकंदांत शेंकडों वेळां घडलें म्हणजे त्याचा स्वर होतो. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हां हेंच घडतें. ब्रेकमध्यें ड्रम ही तार आणि लायनर हा गज. सेकंदाला हजाराच्या वर कंपनें झालीं कीं ती किंचाळी. शंभराच्या आसपास असलीं तर तें कण्हणें. लायनर बदलला म्हणजे गज बदलला. तेव्हां स्वर बदलावा यांत नवल नाहीं. आतां तो स्वर निरुपद्रवी कीं अनर्थसूचक, एवढेंच ठरवावयाचें असतें.

वैद्य ज्याप्रमाणें नाडी पाहण्यापूर्वीं रोग्याला चार प्रश्न विचारतो, त्याप्रमाणें येथेंहि हत्यार उचलण्यापूर्वीं चार प्रश्न करावे. पहिला प्रश्न : आवाज ब्रेक दाबल्यावरच होतो, कीं न दाबतांहि? न दाबतां होत असेल, तर ब्रेक सुटतच नाहीं, धूळ अडविणारा पत्रा वांकून घासतो आहे, किंवा हबमधील बेअरिंग बिघडलें आहे, असें समजावें. बेअरिंगची घरघर गाडी वळतांना बहुधा कमीअधिक होते, ही त्याची खूण. दुसरा प्रश्न : आवाज एकसारखा आहे, कीं चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर एकदां होतो? तसा ताल असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाहीं किंवा त्यावर अतितापानें कठीण डाग पडले आहेत. तिसरा प्रश्न : तो सकाळींच होतो काय? पावसाळ्यांत बिडाच्या ड्रमवर रात्रींतून गंजाचा पातळ थर चढतो, आणि चारसहा वेळां ब्रेक लावल्यावर तो निघून जातो. त्याची चिंता नको. चौथा प्रश्न : गाडी मागें घेतांना आवाज बदलतो काय? चाक उलट फिरलें कीं दोन शूंच्या कामाची अदलाबदल होते. म्हणून अशा बदलावरून दोष कोणत्या शूमध्यें आहे याचा अंदाज बांधतां येतो.

नव्या ब्रेकचीं म्हणून कांहीं खास कारणें आहेत. नवा लायनर आणि ड्रम यांची गोलाई पहिल्या दिवशीं तंतोतंत जुळत नाहीं. लायनरचीं दोन टोकें तेवढीं टेकत असलीं, तर ब्रेक झटका देतो आणि किंचाळतो. म्हणून कुशल मिस्त्री तीं टोकें किंचित् उतरतीं घासून देतो. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. जुन्या ड्रमवर अरुंद लायनरनें वर्षानुवर्षें घासून खोबण पाडलेली असते व तिच्या कडेला उंचवटा राहतो. रुंद लायनर बसविला कीं तो त्या उंचवट्यावर चढतो, खरखरतो, आणि त्याचा मधला भाग ड्रमला नीट टेकतच नाहीं. ब्रेक मोठा झाला, पण पकड लहान झाली! तेथें ड्रम कातून घेणें, आणि कारखान्यानें ठरविलेल्या मापाबाहेर तो गेला असल्यास बदलणें, हाच उपाय. तिसरें कारण म्हणजे जुने बुश आणि थकलेल्या स्प्रिंगा. नव्या लायनरची पकड जोरदार. ती या जुन्या सोबत्यांना खडखडवून सोडते. ब्रेक बदलावयाचे, आणि त्यांतल्या चार रुपयांच्या स्प्रिंगा तशाच ठेवावयाच्या, ही काटकसर नव्हे.

हवेच्या ब्रेकांचे आवाज वेगळे. चाकें जखडूं न देणारी विजेची यंत्रणा ज्या गाडीला आहे, तिची किल्ली फिरवितांच चाकांपाशीं एकामागून एक 'फुस्' असे आवाज होतात. ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. तिला बिघाड समजून मिस्त्रीकडे धांवूं नये. उलट, एंजिन बंद केल्यावरहि सूं-सूं चालूच असेल, तर हवा गळते आहे हें निश्चित. सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे जागा दाखवितात.

एवढें समजल्यावर मोकळ्या पटांगणांत गाडी हळू चालवावी आणि दुसऱ्या माणसानें सुरक्षित अंतरावरून ऐकून चाक हेरावें. नंतर थोडी फेरी मारून प्रत्येक ड्रमची उष्णता पाहावी. हात जवळ धरावा, लावूं मात्र नये. एक ड्रम इतरांहून फार तापला असेल, तर तेथें ब्रेक अडकतो आहे. एखादा थंड असेल, तर तें चाक कामचुकार आहे आणि त्याचा भार इतरांवर पडतो आहे. मग चाकांना घट्ट उटी लावून ड्रम उघडावा. लायनरवर तेल दिसलें, तर हबचें सील बदलावें, आणि लायनर रॉकेलनें धुऊन न बसवतां त्या अॅक्सलचे दोन्ही बाजूंचे नवे घालावे. रिव्हेटचीं डोकीं ड्रमला घासत असतील, तर गाडी तेथून हलवूंच नये.

आवाज बंद करण्यासाठीं लायनरवर ग्रीस किंवा तेल लावण्याचा सल्ला कोठें कोठें मिळतो. तो प्राणघातक आहे. आवाज जातो हें खरें, पण त्याबरोबर ब्रेकहि जातो.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. ब्रेकचा सर्वांत भयंकर दोष आवाज करीत नाहीं. पंचवीस टनांची गाडी पांचशें मीटर खालीं उतरते, तेव्हां तें सारें ओझें ब्रेकवरच पेललें, तर निघणाऱ्या उष्णतेनें सुमारें चारशें लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता सोसतां सोसतां ड्रम फुगून शूपासून दूर जातो, लायनरची पकड सुटते, आणि पेडल दाबूनहि गाडी थांबत नाहीं. बोरघाटासारख्या उतारावर डिझेल वाचविण्यासाठीं गिअर काढून जाणारा चालक हाच मूक शत्रु ओढवून घेतो. ज्या गिअरमध्यें घाट चढावयाचा, त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुना दंडक नव्या ब्रेकांनाहि लागू आहे. किंचाळणारा ब्रेक लाज आणतो, पण सावध करतो. रस्त्यावरून शाळेंत जाणाऱ्या मुलांचा जीव अशा मालमोटारींच्या ब्रेकांवर अवलंबून असतो. म्हणून तो आवाज दाबण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकून घेणें हें मालकाचें आणि मिस्त्रीचें कर्तव्य ठरतें.