स्वागताध्यक्षांचे भाषण : वाई

सन्माननीय परिषदाध्यक्ष, मंचावरील मान्यवर आणि गावोगावहून आलेल्या प्रोग्रामर बंधुभगिनींनो,

कृष्णाकाठच्या वाईत तुमचे मनापासून स्वागत! मी हळदीचा व्यापारी. कोडमधले मला ओ की ठो कळत नाही. तरी स्वागताध्यक्ष केलेत. मंडप आमच्या वखारीच्या आवारात आहे, हेच बहुधा कारण.

वाईत आलात म्हणजे ढोल्या गणपतीचे दर्शन घ्याल, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा पाहाल. पण घटकाभर विश्वकोशाच्या कचेरीकडेही वळा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मूळचे पिंपळनेरचे. प्राज्ञ पाठशाळेत शिकायला आले आणि वाईचेच झाले. त्यांच्या संपादनाखाली १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. लिहिणारे अनेक, प्रत्येकाचे शास्त्र वेगळे, लेखणी वेगळी. पण कुठलाही खंड उघडा. माणसाची नोंद असली की आडनाव आधी, मग नाव, लगेच कंसात जन्ममृत्यूच्या तारखा. दुसरी नोंद पाहायची तर शब्दाआधी बाण. नोंदीखालचे लेखकाचे नाव झाकून मजकूर कुणाचा ते ओळखून दाखवा! शास्त्रीबोवांवर आणखी अर्धा तास बोललो असतो, पण चिटणीस घड्याळ दाखवताहेत.

आता तुमचा विषय. माझी पुतणी पुण्यात ॲप बनवते. तिच्याकडे एकाच ग्राहक क्रमांकाला एकाने ‘कस्टमर आयडी’ म्हटले, दुसऱ्याने ‘कस्ट नंबर’, तिसऱ्याने नुसते ‘सीआयडी’. चूक शोधण्यात दोन रात्री गेल्या. पायथनवाल्यांनी म्हणे २००१ सालीच ‘पेप ८’ लिहून ठेवले : आतली ओळ चार स्पेस सोडून, लांबी ७९ अक्षरांपर्यंत. मी विचारले, ८० का नाही? ती म्हणाली, “काका, हाच वाद रोज नको, म्हणून तर लिहून ठेवायचं.” मला विश्वकोशातले ते बाण आठवले.

व्यवस्थेत उणिवा आहेत. काल नळाला पाणी आले नाही, टँकर मागवावा लागला. गाद्या कमी पडल्या. वायफायचा पासवर्ड आमच्या पेंटरने फलकावर सगळा कॅपिटलमध्ये रंगवला, त्यामुळे तो कुणालाच लागेना. या सगळ्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. मंडपवाले, जनरेटर देणारे, तांदळाची पोती पाठवणारे, नाव घेऊ नका असे बजावून रोख देणारे बाजारपेठेतले बंधू, पहाटेपासून राबणारी कॉलेजची मुले आणि दोनशे पुरणपोळ्या लाटणाऱ्या आमच्या गल्लीतल्या भगिनी, सर्वांचे ऋण मानतो.

गाड्या कृपया घाटावर लावू नका. पहिली पंगत साडेबाराला बसेल.