झेंडा बदलला, कागदावरचं नाव?

(गोवा मुक्तिदिनी, १९ डिसेंबरला, अड्याळ येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



धान चुरायचं काम टाकून तुम्ही आलात. येताना एक काकू मला म्हणाल्या, "बाई, गोवा कुठं अन् आपलं गाव कुठं? आमाले कायले सांगता?" तिथूनच सुरुवात करते.

१९५५ साली आपला भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. त्याच राज्यातल्या सागरच्या सहोद्राबाई राय त्या वर्षी १५ ऑगस्टला तिरंगा घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरल्या. पोर्तुगीजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. त्यांना वाचवायला पुढे धावलेले पंजाबचे कर्नैलसिंग जागीच गेले. त्या दिवशी वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. त्याआधी एप्रिलमध्ये म्हापशात सुधाताई जोशींनी बंदी मोडून अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं, अटक झाली, तुरुंग भोगला. त्यांची ओळख आजही बहुतेक वेळा महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी अशीच करून देतात. असो.

पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले आणि १९ डिसेंबर १९६१ ला गेले. म्हणजे साडेचारशे वर्षं. पुढे १९६३ ला निवडणूक झाली, १९६७ ला 'महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं' यावर मतदान झालं, आणि लोकांनी सुमारे ३४ हजारांच्या फरकानं वेगळं राहणं पसंत केलं. १९७३ मध्ये शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्राला अजून बाई मुख्यमंत्री मिळालेली नाही! ३० मे १९८७ ला गोवा वेगळं राज्य झालं. शाळेच्या पुस्तकात हा इतिहास एवढाच असतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पोर्तुगीज गेले, त्यांचा कायदा गेला नाही. १९६२ च्या कायद्यानं ठरलं की बदल होईपर्यंत जुने कायदे चालू राहतील. त्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता होती. गंमत बघा, खुद्द पोर्तुगालनं १९६६ मध्ये नवी संहिता केली आणि १९७७ मध्ये नवरा-बायकोला घरात बरोबरीचं स्थान दिलं. गोव्यात मात्र आजोबांच्या काळचा कायदाच राहिला. २०१२ मध्ये वारसाहक्काचा भाग नव्यानं लिहिला गेला, तो २०१६ पासून लागू आहे.

या कायद्यात बायकांसाठी एक मोठी गोष्ट आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्न होताच दोघांची मालमत्ता दोघांची होते, अर्धी-अर्धी. तिच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. मुलगा-मुलगी वारस म्हणून सारखे. मृत्युपत्र करून सगळं एकाच लेकाला देऊन टाकता येत नाही.

ऐकताना वाटतं, वा! मलाही वाटलं होतं. पण तो हक्क कुणी बाईचा विचार करून दिला नव्हता. त्याच जुन्या संहितेत मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडेच होता. आणि हिंदूंसाठी १८८० चा वेगळा हुकूम होता. पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा नाही, तर पुरुषाला अटींवर दुसरं लग्न करता येई. 'सर्वांना एकच कायदा' म्हणून गोव्याचं कौतुक होतं, तेव्हा हे कुणी सांगत नाही.

एका शिबिरासाठी मी गोव्यात गेले होते. तिथे एक बाई भेटली. तिकडे लग्नाच्या नोंदणीत दोनदा सह्या लागतात. पहिली लग्न करायचा इरादा आहे म्हणून, दुसरी काही दिवसांनी पक्कं करायला. हिला वाटलं, पहिल्या सहीतच लग्न झालं. मंडप झाला, संसार झाला. दुसऱ्या सहीला नवरा गेलाच नाही. पुढे त्यानं दुसरी आणली, तेव्हा कळलं की कायद्याच्या लेखी ही बायकोच नव्हती. मग अर्धा वाटा कशाचा मागणार? मी समाजकार्याची पदवी घेतलेली, पण त्या बाईपुढे मला काही बोलता आलं नाही. तिच्याशेजारी बसलेलीनं सांगितलं, "मी भावाला सही देऊन टाकली. माहेर तुटू नये म्हणून."

हे ऐकलं आणि मला अड्याळच आठवलं! आपल्याकडेही मालगुजारी १९५१ मध्ये गेली, मामा तलाव सरकारचे झाले, राज्यं तर दोन वेळा बदलली. सातबाऱ्यावर नाव मात्र बाप्याचंच. रोवणी आपण करायची, निंदण आपण करायचं आणि पटवाऱ्याकडे गेलं की 'मालकाले पाठवा'. १९९४ मध्ये महाराष्ट्रात आणि २००५ मध्ये देशभर मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा हक्क मिळाला. तरी वारस लावायच्या वेळी बहिणींची हक्कसोडपत्रं आधी तयार असतात. बायकोचं तर विचारूच नका. आपल्या कायद्यात नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या शेतात तिचा वाटा नाही, फक्त पोटगी. नवऱ्यानं तहसीलदाराकडे अर्ज केला तर 'लक्ष्मी मुक्ती'खाली तिचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. पण त्यानं केला तर!

आज एवढंच करू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचा सातबारा आणायचा. वाचता येत नसेल तरी आणा, आपण मिळून वाचू. आणि बैठकीआधी कुणी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा मागितला, तर "बाईला दाखवून देतो" म्हणा. माझं नाव खुशाल पुढे करा, मला सवय आहे.