भक्ति बर्वे : एका वाणीची कहाणी

नटाची खरी संपत्ति कोणती, असा प्रश्न केला तर कोणी रूप म्हणेल, कोणी मुद्राभिनय म्हणेल. रूप वयाबरोबर ओसरतें आणि मुद्राभिनय दिसण्यास प्रकाश लागतो. आवाजाचें तसें नाहीं. दिवा मालवला तरी आवाजावरून माणूस ओळखूं येतें. मराठी रंगभूमीवर ज्यांची ओळख अशी केवळ आवाजावरून पटत असे, त्यांत भक्ति बर्वे यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. त्यांची जीवनकथा ही एका अर्थीं वाणीचीच कथा आहे, आणि तिच्या पोटीं एक प्रश्न दडलेला आहे. शुद्ध बोलणें म्हणजे काय, आणि जें माणूस तसें बोलत नाहीं त्याचें मोल कमी समजावें काय, हा तो प्रश्न होय.

भक्तिबाईंचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा. सुधा करमरकर यांनीं १९५९ सालीं मुंबईंत 'लिटल थिएटर' ही मुलांची रंगभूमि सुरू केली. तिनें पुढें मराठीस जीं चांगलीं नाट्यरत्नें दिलीं, त्यांपैकीं भक्तिबाई एक होत. बालनाट्य हें नवशिक्यांचें काम, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः मुलांइतका कठोर प्रेक्षक दुसरा नाहीं. मोठीं माणसें कंटाळलीं तरी शिष्टाचार म्हणून स्वस्थ बसतात. मुलांस शब्द नीट ऐकूं आला नाहीं कीं त्यांची चुळबुळ तत्काळ सुरू होते. शेवटच्या रांगेंतल्या मुलाच्या कानापर्यंत शब्द अखंड पोंचवावा, ही शिस्त ज्या नटीस लहानपणींच लागली, तिचा पाया पक्का झाला म्हणून समजावें.

पुढें भक्तिबाई आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर निवेदिका झाल्या. निवेदिकेस ना वेष, ना रंगभूषा, ना हातवारे. श्वास कोठें घ्यावा, कोणत्या शब्दावर किंचित् रेंगाळावें आणि वाक्य कोठें सोडून द्यावें, एवढ्यावरच तिचा सारा संसार. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें, आणि त्या मराठी बातम्या देऊं लागल्या. ते दिवस कृष्णधवल चित्राचे होते. ज्याच्या घरीं संच असे, त्याच्या दिवाणखान्यांत सायंकाळीं शेजारपाजारचीं माणसें जमत. त्यांना ऐकूं येई ती भक्तिबाईंची स्वच्छ, नितळ, प्रमाण मराठी. मराठी कशी बोलावी, याचा वस्तुपाठ म्हणून त्या वाणीकडे अनेक घरांतून बोट दाखविलें जाई.

आणि याच वाणीच्या धनीणबाईंच्या वांट्यास १९७५ सालीं आली ती अशुद्ध बोलणाऱ्या मुलीची भूमिका! बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनीं 'ती फुलराणी' रचलें, तें त्या सालीं रंगभूमीवर आलें. भाषाशास्त्राचा एक प्राध्यापक फुलें विकणाऱ्या मंजुळेला पाहतो, आणि हिच्या जिभेला वळण लावून हिला प्रतिष्ठितांच्या मेळाव्यांत मिरवून दाखवीन, अशी पैज मारतो. प्राध्यापकाची भूमिका सतीश दुभाषी यांची, मंजुळेची भक्तिबाईंची. लेखक पुलं हेहि पूर्वी आकाशवाणींत काम केलेले, म्हणजे ध्वनिक्षेपकाचे जुने स्नेही. शब्दाचा नाद ओळखणारीं दोन माणसें या नाटकाच्या निमित्तानें एकत्र आलीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या भूमिकेंतील अवघड भाग कोणता? मंजुळा सुधारते तो भाग, असें वरवर पाहणारास वाटेल. भक्तिबाईंच्या बाबतींत तें उलट होतें. प्रमाण भाषा ही त्यांची रोजची भाकरी. ती बोलण्यास त्यांना सायास नव्हते. कठीण होतें तें तिला विसरणें. सुशिक्षित नट गांवढळ भाषा बोलूं लागला कीं बहुधा ती तोंड वेंगाडून बोलतो. प्रेक्षक हंसतात, परंतु तें हंसणें त्या माणसाच्या दैन्याला असतें. भक्तिबाईंची मंजुळा हंसवी, पण स्वतः हास्यास्पद होत नसे. तिच्या बोलींत ठसका होता, लय होती, आणि आपण कोणाचें कांहीं लागत नाहीं ही ऐट होती. प्राध्यापकाच्या जाचाला विटून ती एकटी रंगमंचावर उभी राहते आणि त्याच्यावर सूड उगवण्याचीं स्वप्नें रंगविते, तो प्रवेश तर तिच्या नांवाशीं कायमचा जोडला गेला. तेथें मंजुळा बोलते ती आपल्याच बोलींत. राग खरा असला म्हणजे माणूस शिकविलेली भाषा बाजूस ठेवतो, हें त्या नटीनें नेमकें हेरलें होतें. नाटक संपतां संपतां प्रेक्षकाला उमगत असे कीं, मंजुळेची जीभ वळविणें सोपें होतें. तिला माणूस म्हणून वागविणें मात्र त्या विद्वानाला शिकतां आलें नव्हतें.

एखादी भूमिका इतकी यशस्वी झाली कीं ती नटाला गिळून टाकते. हा धोका भक्तिबाईंपुढें होताच. लोक त्यांना 'फुलराणी' म्हणूनच ओळखूं लागले. तरी त्या तेथें थांबल्या नाहींत. 'हँड्स अप' सारख्या खेळांतून त्यांनीं निराळाच बाज धरला. १९८३ च्या 'जाने भी दो यारो' या हिंदी चित्रपटांत त्यांनीं 'खबरदार' या पत्राची धूर्त संपादिका शोभा रंगविली. गोड बोलून लबाडी करणारी ही बाई मंजुळेच्या अगदीं दुसऱ्या टोकाची. अशोक पाटोळे यांच्या 'आई रिटायर होतेय' मध्यें घरकामांतून निवृत्ति घेऊं म्हणणाऱ्या आईच्या तोंडून त्यांनीं असंख्य गृहिणींचें न बोललेलें बोलून दाखविलें. 'गांधी विरुद्ध गांधी' या नाटकांत त्या कस्तुरबा झाल्या. दूरदर्शनवर त्यांनीं बहिणाबाई चौधरी उभ्या केल्या. ज्या खानदेशी बाईस अक्षरओळख नव्हती, तिची बोली बातम्या देणाऱ्या मुखानें आदरपूर्वक उच्चारली, हा योग मोठा अर्थपूर्ण होय.

संगीत नाटक अकादमीनें १९९० सालीं त्यांचा गौरव केला. अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पति. ते १९९६ च्या मार्च महिन्यांत निवर्तले. त्या आघातानंतरहि भक्तिबाईंनीं रंगभूमि सोडली नाहीं. 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा एकपात्री प्रयोग त्या गांवोगांव करीत. १२ जून २००० रोजीं पुलं गेले. त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनीं, १२ फेब्रुवारी २००१ रोजीं, वाईहून मुंबईस परततांना पुणें-मुंबई द्रुतगति मार्गावर मोटारीच्या अपघातांत भक्तिबाईंचा अंत झाला. वय अवघें बावन्न.

मंजुळा त्यांच्यामागेंहि राहिली. प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांनीं तिला आपापल्या परीनें रूप दिलें. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून आणि स्पर्धांतून मुली तो एकटीचा प्रवेश हौसेनें करतात, आणि बहुतेकींच्या उच्चारांत नकळत भक्तिबाईंचीच लय उतरते. ठसका उचलणें सोपें आहे. त्यामागें जें होतें तें मात्र नुसत्या नकलेनें येत नाहीं. रस्त्यावरच्या माणसाचें बोलणें अशुद्ध म्हणून कान मिटून न घेतां, तेंहि कोणाच्या तरी आईनें शिकविलें आहे हें ध्यानीं धरून तें ऐकावें लागतें. भक्तिबाईंनीं तें तसें ऐकलें होतें, म्हणूनच त्यांच्या मुखीं दोन्ही भाषा सारख्याच शोभल्या.