पोराला समजलं का?



आपल्या मालेगावच्या मुलखात भाषा एक नाही. शहरात यंत्रमागावर राबणाऱ्या पुष्कळ घरांत उर्दू बोलतात. खेड्यापाड्यांत अहिराणी चालते. आपली अहिराणी बोलणारी पोरं मराठी शाळेत जातात. तिथे पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. घरी पोर सरळ म्हणतं, "माले समजनं नही." वर्गात तेच म्हणायला लाजतं, गप्प बसतं. मास्तरांना वाटतं, याला समजलं. अशी दोन वर्षं गेली की आधी गणित सुटतं, मग शाळा सुटते.

आता मोबाईलवर चॅटबॉट आला आहे. आपण लिहून किंवा बोलून विचारायचं, तो उत्तर देतो. पलीकडे माणूस नसतो, संगणक असतो. 2020 साली करोनामुळे शाळा बंद होत्या. तेव्हा आपल्या राज्यात 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम निघाला. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत, पोरानं उत्तर निवडायचं. तिथे प्रश्न ठरलेले असत. 2022 च्या अखेरीपासून जे नवे चॅटबॉट आले, त्यांना आपल्या मनातला प्रश्न विचारता येतो.

समजा, पोराला शेकडेवारी कळत नाही. त्यानं विचारावं, "कांद्याचा हिशेब घालून सांग." उत्तर येईल: 250 किलो कांद्यातला 20 किलो सडला. मग शंभरात किती सडला? 8 किलो. म्हणजे शेकडा 8. नाही कळलं, तर "आणखी सोपं कर" म्हणावं. दहादा विचारलं तरी तो चिडत नाही. लाजऱ्या पोराला याचाच मोठा आधार.

काही जण म्हणतात, एक पोर बघून शिकतं, दुसरं ऐकून, तिसरं हातानं करून. असा शिक्का कुणावर मारू नका. 2008 साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी यावरचे अभ्यास तपासले. शिक्का पाहून शिकवल्यानं जास्त येतं, असा पक्का पुरावा त्यांना मिळाला नाही. चित्रही हवं, बोलणंही हवं, आणि कांदा तराजूत घालून पाहणंही हवं. हे सगळ्याच पोरांना हवं. ज्याला कमी दिसतं त्याला वाचून ऐकवावं लागतं, ती गोष्ट निराळी.

या यंत्राची खोड सांगतो. ते चुकतं, आणि चुकलं तरी ठासून बोलतं. म्हणून उत्तर पुस्तकाशी ताडून पाहावं, हिशेब पाटीवर करून पाहावा. अहिराणी त्याला नीट येत नाही. ते छापील आणि लिहिलेल्या मजकुरावर तयार होतं, आणि अहिराणीत लिहिलेलं फार थोडं आहे. तेव्हा त्याची मराठी पोराला कळली नाही, तर अहिराणीत फोड करून सांगायचं काम आईबापाचं. तुम्हाला आता वाचता येतं, मग हे जमेल.

लहान पोराला फोन देऊन एकटं सोडू नका. नाव, गाव, आधारचा नंबर त्यात घालू देऊ नका. आणि सगळा गृहपाठ त्याच्याकडून लिहून घेतला, तर पोराच्या डोक्यात काय उरणार?

फोन बहुतेक घरांत एकच, तोही दिवसभर बापाच्या खिशात. रात्री तो आधी मुलाच्या हाती जातो. मुलीची पाळी येईपर्यंत बॅटरी उतरते. निदान एक दिवसाआड तिला पहिली पाळी द्या. ज्याचा उलगडा झाला नाही, तो प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगा. सकाळी ती वही मास्तरांना दाखवू द्या.