गळ्यातला बिल्ला कशासाठी?

(नगरपरिषद सदस्य, पंचायत प्रतिनिधी व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



मी पशुवैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा रोगशास्त्र सांगण्याचा आव मी आणणार नाही. ते शास्त्र आणि सामान्य नागरिक यांची गाठ जेथे पडावयास हवी, पण बहुधा पडत नाही, त्या परवान्याच्या खिडकीविषयी मी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका शहरात मी स्वतः घरच्या कुत्र्याचा परवाना काढावयास गेलो होतो. लस टोचल्याचा दाखला शहराच्या एका टोकाला, शुल्काचा भरणा दुसऱ्या टोकाला, आणि बिल्ला ‘पुढील आठवड्यात’. तीन खेपा झाल्या. माझी नोकरी सरकारी, म्हणून निभावले. रोजंदारीवर जाणाऱ्याने तीन दिवसांची मजुरी बुडवून हा बिल्ला आणावा, ही अपेक्षा मला तेव्हाही अवास्तव वाटली आणि आजही वाटते.

कुत्र्यांवर कर बसविण्याचा अधिकार आपल्या महानगरपालिकांना १९४९ च्या अधिनियमाने दिलेला आहे. मला वाटते, ‘कर’ या शब्दानेच घोटाळा केला. कर म्हटला की माणूस पळवाट शोधतो. घराची भिंत लपविता येत नाही. कुत्रे मात्र निरीक्षक पुढल्या दाराशी येताच मागल्या दाराने निघून जाते. परवान्याच्या उत्पन्नातून पालिकेची तिजोरी भरेल अशी आशा कोणी बाळगू नये. त्यातून मिळवायची असते ती नोंद.

ही नोंद कशासाठी, ते सांगतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. २०२२-२३ मधील देशव्यापी पाहणीवरून भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणिदंश आणि ५,७०० हून अधिक रेबीज-मृत्यू होत असावेत, असा अंदाज निघाला. जुन्या पाहणीतील वीस हजारांच्या अंदाजापेक्षा हा आकडा बराच कमी आहे. परंतु वेळीच टोचलेल्या लसीने जे टळले असते, असे हे मृत्यू आहेत. चावणारे कुत्रे ओळखीचे आणि नोंदलेले असेल, तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता येते. त्या मुदतीत ते धडधाकट राहिले, तर दंशाच्या वेळी त्याच्या लाळेत रोगाचे विष नव्हते असे धरता येते आणि पुढील टोचण्यांविषयी डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. कुत्रे कोणाचे हेच ठाऊक नसेल, तर नजर ठेवणार कोणावर? अर्थात कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला दिसला म्हणून दवाखान्यात जाणे लांबणीवर टाकावे, असा याचा अर्थ नव्हे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी उपचार सुरू करावेत. हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही जखमेवर लावू नये.

आता खर्चाकडे येऊ. कुत्र्यांची लस दहा मात्रांच्या कुपीतही मिळते. एकट्यादुकट्या कुत्र्यासाठी ती फोडली तर उरलेली वाया जाते. शिबिरात दहा कुत्री एकामागून एक आली की दर मात्रेचा खर्च उतरतो. लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते. त्यासाठी बर्फाची पेटी, एक पशुवैद्य, एक लिपिक आणि एक मेज एवढा सरंजाम पुरतो. रविवारी सकाळी प्रभागातील शाळेच्या पटांगणात हे मेज मांडावे. तेथेच टोचणी, तेथेच नाममात्र शुल्क, तेथेच पावती आणि तेथेच गळपट्ट्यात बिल्ला. नसबंदी केलेल्या कुत्र्यास शुल्कात सवलत द्यावी. पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली टोचणी, नंतर पूरक मात्रा आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी. म्हणून शिबिराचा महिनाही दरवर्षी तोच असावा, म्हणजे लोकांच्या तो अंगवळणी पडतो.

दंडुक्याने हा प्रश्न सुटत नाही, याचा धडा मुंबईने फार पूर्वी घेतला आहे. १८३२ साली तेथे कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस देऊन कुत्री मारण्याची मोहीम चालली. त्या जूनमध्ये पारशी समाजाने तिच्याविरुद्ध बंद पुकारला, दंगल उसळली. आणि कुत्री शहरात आहेत ती आहेतच. याउलट आपल्या शेजारच्या गोव्यात २०१३ पासून पद्धतशीर लसीकरण झाले. वर्षाला ९५ हजारांहून अधिक, म्हणजे सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचण्याची मजल तेथे गाठली गेली. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०१८ व २०१९ या वर्षांत माणसाचा एकही बळी गेला नाही. दरवर्षी सुमारे दीड लाख मुलांपर्यंत शिक्षणाचे काम पोहोचले, हेही येथे बसलेल्या शिक्षकांनी लक्षात घ्यावे.

एक अडचण मात्र खरी आहे. चाळीत किंवा वस्तीत पाच घरांच्या भाकरीवर वाढलेले कुत्रे कोणाच्या नावावर लावायचे? मालक विचाराल तर सारेच हात झटकतात. पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकावर असल्याचे २००१ चे नियम सांगत होते आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियमही सांगतात. या नव्या नियमांनी अशा सामाईक कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले आहे. माझी सूचना अशी की, ते कुत्रे गल्लीच्या नावे नोंदवावे, शुल्क मुळीच घेऊ नये आणि त्याला खाऊ घालणाऱ्या एखाद्या बाईचे नाव ‘माहितगार’ म्हणून लिहावे. ‘मालक’ या शब्दाला घाबरणारी माणसे ‘माहितगार’ व्हावयास सहसा नकार देत नाहीत.

शिक्षकांकडे आणखी एक काम आहे. पिलाने ओरखडले तर आई रागावेल, म्हणून मूल ते लपविते. वर्गात महिन्यातून एकदा, कोणालाही न रागावता, एवढेच विचारावे: कोणाला कुत्र्याने चावले, ओरखडले का? हात वर झाला, तर मुलाच्या घरी त्याच दिवशी निरोप जावा.