पिवळी स्कूटर आणि गाण्याची मालकी

(कागल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने रॉक अँड रोलवर बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना हसू आले असेल. संयोजकांनी मला ‘उत्पादनसाधनांची मालकी’ हा विषय दिला होता आणि तो मी सोडलेला नाही. उदाहरण तेवढे साखर कारखान्याचे न घेता गिटारचे घेतले आहे. कागलात साखर कारखान्यावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक पुष्कळ आहेत.

आरंभ थोडा दुरून करतो. अमेरिकेतील सेंट लुईसचा कृष्णवर्णीय गिटारवादक आणि गीतकार चक बेरी याची ‘मेबेलिन’ ही पहिली तबकडी १९५५ साली शिकागोच्या चेस कंपनीने काढली. शब्द त्याचे, चाल त्याची, गळा आणि गिटारही त्याचीच. पण तबकडी बाजारात आली तेव्हा गीतकार म्हणून त्याच्या नावाशेजारी आणखी दोन नावे होती. त्यांतले एक होते रेडिओवर तबकड्या लावणाऱ्या ॲलन फ्रीडचे. गाणे रेडिओवर वाजावे म्हणून दिलेली ही बक्षिसी, आणि ती गेली गाणाऱ्याच्या वाट्यातून! ही नावे हटून पूर्ण श्रेय त्याच्याकडे यायला १९८६ साल उजाडले. ज्या संगीताला आपण बंडखोरीचे संगीत म्हणतो, त्याचा धंदा असा चालत होता.

आता आपल्या शेजारी या. निपाणी, आजरा करून आंबोलीचा घाट उतरला, सावंतवाडी मागे टाकली की गोवा. तेथे १९५३ साली जन्मलेला रेमो फर्नांडिस हा मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयातून वास्तुशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. पदवी भिंतीवर राहिली, हातात गिटार आली. काही वर्षे युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत रस्त्याकडेला गात हिंडून तो बारदेशातल्या शिवोली गावी परतला. भारतीय तरुणाने इंग्रजीत स्वतःची गाणी रचावीत, त्यांत गोव्याचे मासे, माणसे आणि बंद पडलेले टेलिफोन यावेत, असल्या मालाला मोठ्या कंपन्यांच्या हिशेबात जागा नव्हती.

त्याने काय केले, हा माझ्या विषयाचा गाभा आहे. चार पट्ट्यांवर वेगवेगळे ध्वनिमुद्रण करणारे कॅसेट यंत्र त्याने घरात मांडले. एकेक वाद्य स्वतः वाजवले, गायला, वेष्टनही स्वतःच केले आणि १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवली. पुढच्या वर्षी ‘ओल्ड गोवन गोल्ड’ आली.

यातले अर्थशास्त्र पाहा. तबकडी काढायची तर कारखाना हवा. आपल्या देशात दीर्घकाळ हा धंदा मुख्यतः कलकत्त्याजवळच्या डमडम येथे कारखाना असलेल्या एका ग्रामोफोन कंपनीच्या मुठीत होता. साचा तयार करण्याचा खर्च मोठ्या खपाशिवाय भरून निघत नाही. म्हणून कंपनी विचारणार, ‘हे हजारोंना आवडेल काय?’ कॅसेटने हा प्रश्नच लहान केला. पन्नास प्रती काढा, त्या विकून आणखी पन्नास काढा. उत्पादनसाधन स्वस्त झाले आणि कलावंताच्या ओसरीवर आले. त्याच कॅसेटने चोरट्या नकलांचा बाजारही उभा केला, हे खरे; यंत्राला नीतिमत्ता नसते.

राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यातील एका सरकारी कार्यक्रमात रेमोने त्यांच्यासमोरच, त्यांना नावाने हाक मारून प्रश्न विचारणारे गाणे गायले. वर्तमानपत्रांनी त्याला उद्धट ठरवले. राजीव गांधींनी मात्र गाणे आवडल्याचे पत्राने कळवले. त्यांचा हा मोठेपणा मान्य करूनही मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: दुसऱ्या दिवशी या गायकाची भाकरी बंद करू शकेल असा कोणी मालक नव्हता. १९९२ साली तर राजकारण्यांना रॉक अँड रोल येत नाही, अशा अर्थाचे नावच त्याने आपल्या संग्रहाला दिले. आपण राजकारणी माणसांनी ते मनाला लावून घेऊ नये.

पुढे १९८७ सालच्या ‘जलवा’ने आणि १९९५ सालच्या ‘बंबई’तल्या ‘हम्मा हम्मा’ने त्याचा आवाज घरोघरी गेला. २००७ साली पद्मश्री मिळाली. पण चित्रपटाचा कायदा निराळा. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता की, निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. म्हणजे मजुरी घेतली की संबंध संपला. गीतकार-संगीतकारांना पुढच्या मानधनातला समान वाटा सोडून देता येणार नाही, ही दुरुस्ती व्हायला २०१२ साल लागले.

रेमोचे कौतुक करताना एक गोष्ट मी लपवणार नाही. त्याच्यामागे शिवोलीचे घर होते, शिक्षण होते, इंग्रजी होते. तेही भांडवलच. ज्याच्याजवळ ते नाही, त्याचे काय होते हे कागलकरांना मी काय सांगावे? आनंद यादव तुमच्याच गावचे. त्यांच्या ‘नटरंग’मधला गुणा शेतमजूर आहे, फडाच्या वेडापायी त्याने मोजलेली किंमत तुम्ही वाचली आहे, नसेल तर २०१० सालच्या चित्रपटात पाहिली आहे. आणि अण्णाभाऊ साठे? ज्यांच्या शब्दांवर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटत, ते १९६९ साली दारिद्र्यातच गेले. त्या सभा भरवणाऱ्यांत आपलीही माणसे होती.

आज तर कॅसेटही गेली. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणारा पोरगा आपल्या तालुक्यातही सापडेल. यंत्र त्याचे आहे, परंतु स्कूटर त्याची नाही. गाणे लोकांपर्यंत नेणारी वाट चार-दोन परदेशी कंपन्यांच्या ताब्यात आहे आणि एका ऐकण्यामागे हाती पडतात ते काही पैसे. उत्पादनाची मक्तेदारी मोडली तेव्हा वितरणाची उभी राहिली.

काही वर्षांपूर्वी एका मेळाव्याचा जमाखर्च तपासायला माझ्याकडे आला होता. मंडप, ध्वनिक्षेपक, जेवण, पाहुण्यांचे गाडीभाडे, हारतुरे, सारे पावत्यांनिशी चोख. कलापथकाच्या मुलांनी दोन तास गाऊन मैदान धरून ठेवले होते. त्यांच्या नावापुढे एसटीचे भाडेसुद्धा नव्हते. मी विचारले, तेव्हा उत्तर आले, ‘सर, ती आपलीच पोरं आहेत.’ मी त्या हिशेबावर सही केली. ती करायला नको होती.