दोन पदार्थांचं हॉटेल

गेल्या महिन्यात तालुक्यातल्या दोन-तीन बचत गटांकडून एकच प्रश्न आला. गटाकडे थोडे पैसे जमलेत, संगमेश्वर नाक्यावर खाण्याची गाडी टाकायची म्हणतोय, तर चायनीजची टाकू की आपल्या पदार्थांची? त्यावर आज बोलू या. पण त्याआधी जरा लांब जाऊ, थेट फिलिपिन्स देशातल्या मनिला शहरात.

आपल्याकडची बरीच मुलं जहाजावर कामाला जातात. त्यांच्याबरोबर फिलिपिन्सचे खलाशी असतातच. त्यांना विचारलंत तर ते सांगतील, आमच्याकडे ‘मामी’ खातात. हसू नका! मामी म्हणजे गरम रस्सा, त्यात शेवया आणि वर कोंबडीचे तुकडे. सोबत ‘शोपाव’ असतो. मैद्याचं पीठ आंबवून, आत डुकराच्या मांसाचं किंवा कोंबडीचं सारण भरून वाफवलेला गोळा. आपल्या मोदकाचा तिखट चुलतभाऊच म्हणा.

हे दोन पदार्थ तिथे घरोघर पोचवण्यात मोठा वाटा होता मा मॉन लुक या चिनी माणसाचा. चीनच्या कँटन भागात ते शाळामास्तर होते. लग्न ठरवायचं तर मुलीकडच्यांना हा गरीब मास्तर पसंत नव्हता. म्हणून 1918 साली ते मनिलाला आले. दुकान नव्हतं, भांडवल नव्हतं. खांद्यावर कावड घेतली. एका बाजूला रश्शाचं भांडं, दुसऱ्या बाजूला शेवया आणि कोंबडी. रस्त्याने हिंडायचे आणि गिऱ्हाईकासमोर कात्रीने शेवया नि कोंबडी कापून वाडग्यात घालायचे. पुढे हॉटेल झालं, शाखा झाल्या. 1961 साली ते वारले, तरी त्यांच्या नावाचं हॉटेल चालूच राहिलं. पदार्थ मुख्य दोनच, मामी आणि शोपाव.

आता मुंबईत या. नाक्यानाक्यावर मिळणारं ‘मंचुरियन’ चीनमधून आलं असं आपण समजतो. ते मुंबईतलंच आहे. नेल्सन वांग हे कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी. 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं, आणि चिकन मंचुरियन झालं. म्हणजे परमुलखात आलेल्या माणसांनी आपल्या हातची कला आणि तिथल्या लोकांची जीभ, दोन्हीचा मेळ घातला.

आपल्या बायकांनीही हेच केलं. कोकणातून गिरणीत गेलेल्या माणसांना गिरणगावात खानावळवाल्या बायका जेवू घालत. दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक. पण वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यात कमाई जायची. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. चव त्यांच्या हाताला आधीपासून होतीच. हिशेब त्यांच्या हातात नव्हता, तो आला.

मूळ प्रश्न तोच आहे, मैत्रिणींनो. चायनीजची गाडी वाईट नाही. पण नाक्यावर तशा गाड्या आधीच आहेत, आणि मोठ्या आचेवर कढई फेकायला सवयीचा हात लागतो. आपल्याकडे शेवया आहेत, वाफवलेला पदार्थही आहे. शिरवाळे आणि उकडीचे मोदक! मुंबई-गोवा रस्त्यावरचा प्रवासी, मार्लेश्वरच्या जत्रेला येणारा माणूस आणि चतुर्थीला घरी येणारा चाकरमानी, या सगळ्यांना ते हवे असतात.

मात्र या पदार्थांचा स्वभाव ओळखा. शोपाव पुन्हा वाफवून विकता येतो. मोदकाची पारी थंड झाली की कडक होते, खोबरं उन्हाळ्यात लवकर आंबतं. शिरवाळ्यांचे मुटके गरम असतानाच साच्यात दाबावे लागतात, एकीने दाबायचं आणि दुसरीने साचा धरायचा. म्हणून रोज शंभर करून ठेवू नका. आदल्या दिवशी मागणी घ्या, त्याप्रमाणे करा. गाडीवर थोडेच ठेवा, तेही समोर वाफवून द्या. गिऱ्हाईकाने वाफ बघितली की विश्वास बसतो.

आता हिशेब. कागद-पेन्सिल घ्या. समजा पन्नास मोदक केले. तांदळाचं पीठ, नारळ, गूळ, तूप मिळून 500 रुपये, गॅस 40 रुपये. विकले 15 रुपयांना एक, आले 750. आपण म्हणतो, 210 रुपये सुटले. पण दोघी जणी चार-चार तास बसल्या होत्या ना? नारळ खवला, उकड मळली, पाऱ्या केल्या. म्हणजे 8 तासांना 210 रुपये. तासाला 26 रुपये! आता तासाची मजुरी 60 रुपये धरा. 480 रुपये झाले. एकूण खर्च 1020, म्हणजे एका मोदकाला 20 रुपये 40 पैसे. 15 ला विकून 270 रुपये तोटाच. 25 ला विकलात तर दोघींची मजुरी निघून गटात 230 रुपये पडतील.

‘घरचंच काम आहे, त्याचे काय पैसे लावायचे,’ असं सासूबाई म्हणतील, कधी आपण स्वतःच म्हणतो. पण बरेच गट इथेच बंद पडतात. दोन सणांनंतर हात दुखतात, पैसे दिसत नाहीत, आणि मग एकेक जण यायची थांबते.

तर गाडी घेण्याआधी एवढं करा. दोनच पदार्थ ठरवा. एक महिना फक्त मागणीवर विका. मजुरी आधी वहीत लिहा, नफा नंतर. अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. महिन्याच्या शेवटी वही उघडा आणि सगळ्या जणी मिळून वाचा. दोघींची मजुरी सुटत असेल, तर गाडीचा विचार करा. नसेल, तर भाव किंवा पदार्थ बदला, गटाचे पैसे मात्र अजून काढू नका.

तुमच्या गटाचा हिशेब काय आला, ते आम्हाला जरूर कळवा.